दोन रकातींची कसर

मी जानमाज बोलतेय. नमाज पढायला खाली अंथरतात ती जानमाज. नाव ऐकून मखमलीची, झालरीची, मधोमध सोनेरी घुमट काढलेली एखादी नाजूक बाई तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल, तर आधीच सांगून टाकते की मी तसली नाही. मी घोंगडी आहे. काळ्या मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली, जाड, टोचरी, आणि दमट हवेत अजूनही मेंढवाड्याचा वास देणारी. शहागडला हायवेच्या कडेला एक पत्र्याचं घर आहे, त्यात खिडकीजवळची जागा माझी. बाहेरून ट्रक गेला की फळीवरची भांडी खडखडतात. मी जागची हलत नाही. दिवसातून पाच वेळा माणूस माझ्याकडे येतो. मी कोणाकडे जात नाही. याला तुम्ही गर्व म्हणत असाल तर खुशाल म्हणा.

या घरातली मंडळी आपसात दखनी बोलतात. मला ती सगळी कळते. पण मला विणणारा भिवा धनगर विणताना माझ्याशी बोलत राहायचा, त्यामुळे सांगायला बसले की मला मराठीच सुचते. माणसांचं बोलणंही मी माझ्याच बोलीत सांगणार आहे. त्यांनी ऐकलं तर हसतील. हसू देत.

माझा जन्म भोकरदनच्या बाजूचा, जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाचा. तिथे रुकनोद्दीन पिंजारी राहायचा. सायकलला पिंजण बांधून गावोगाव फिरायचा, लोकांचा कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचा. भिवाच्या लेकीच्या लग्नात त्यानं गादी भरून दिली आणि बदल्यात काही नको म्हणाला. भिवा ऐकेना. तेव्हा रुकनोद्दीन म्हणाला, "मंग मला एक जानमाज विणून द्या."

भिवानं आयुष्यात कधी जानमाज विणली नव्हती. "किती हाताची असती ती?" त्यानं विचारलं.

रुकनोद्दीनला तरी कुठे ठाऊक! तो आजवर वडिलांची विटकी सतरंजी वापरत आला होता. "एक माणूस मावला पाह्यजे," तो म्हणाला.

"उभा का आडवा?"

"दोन्ही."

भिवा डोकं खाजवायला लागला. शेवटी रुकनोद्दीन त्याच्या अंगणातच उभा राहिला, झुकला, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावून तसाच थांबला. "घ्या माप," तो खालूनच म्हणाला. भिवा वीत टाकत पायाच्या अंगठ्यापासून निघाला. रुकनोद्दीन चांगला सहा फुटी माणूस. मध्येच भिवाचा हिशेब चुकला, तो परत अंगठ्याशी आला. चुलीपाशी बसलेली भिवाची बायको ओरडली, "आवो लौकर मोजा की, ते भाऊ गुदमरून राह्यले!"

माप झाल्यावर भिवानं एकच विचारलं, "तोंड कुन्हीकडं करता?"

"मावळतीकडं."

"मंग एका टोकाला पांढरा पट्टा टाकतो. अंधारात बी कळलं पाह्यजे, डोकं कोणतं अन् पाय कोणते."

अशी मी झाले. चिंचोक्याची खळ पिऊन ताठ झाले, आणि माथ्यावर पांढऱ्या लोकरीचा चार बोटं रुंद पट्टा घेऊन रुकनोद्दीनच्या सायकलवर बसले. माझ्यावर ना कमान, ना घुमट. पण ज्याच्या मापाची मी आहे, त्यानं स्वतः सजदा करून माप दिलं आहे. दुकानातल्या किती जणींना असं सांगता येईल?

रुकनोद्दीनबरोबर मी जेवढी फिरले, तेवढी भिवाची मेंढरंही फिरली नसतील. तो दिवसभर दुसऱ्याच्या अंगणात काम करायचा. पिंजणाची तात तांय तांय वाजायची, कापूस उडायचा, त्याच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. आणि वेळ झाली की हात थांबायचा. अंगावरचा कापूस झटकून, हातपाय धुऊन, तो मला सायकलवरून काढायचा.

एकदा सर्जेराव म्हणून एका बागायतदाराच्या घरी लग्न होतं. सतरा गाद्या भरायच्या होत्या, चौदा झाल्या होत्या, आणि वऱ्हाड वेशीत येऊन थांबलं होतं. तेवढ्यात असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची वेळ झाली. रुकनोद्दीन उठला. सर्जेराव संतापले. "रुकनभाई, पाहुणे दारात आले अन् तुम्ही उठून चालले? तुमचा देव अर्धा घंटा थांबत न्हाई का?"

"देव थांबतो सर्जेराव," रुकनोद्दीन शांतपणे म्हणाला, "वेळ थांबत न्हाई. अन् मला अर्धा घंटा न्हाई लागत, आठ मिनिटं लागतात."

आठ मिनिटांनी तो परत बसला, आणि उरलेल्या तीन गाद्या पाहुण्यांचे पाय धुऊन होईपर्यंत शिवून मोकळा झाला. पुढे त्याच सर्जेरावांच्या घरी काम निघालं की तेच ओसरीवरून हाक मारायचे, "रुकनभाई, ऊन जोत्यापाशी आलं. तुमचा टाइम झाला, उठा." ते दुसऱ्या देवाचे भक्त, पण वेळ मात्र रुकनोद्दीनची पाळायला लागले. मी तेव्हा पट्ट्यापर्यंत फुगले होते, हे कबूल करते.

पाच नमाजांचं महत्त्व मौलवीसाहेब मोठ्या किताबातून सांगतात. मी घोंगडी, मला वाचता येत नाही. पण मला वजन कळतं. उभा राहतो तेव्हा माणूस किती जड असतो आणि नमाज संपवून, सलाम फेरून उठतो तेव्हा किती हलका, हे मी पाठीवर तोलून सांगू शकते. भांडून आलेला, दमून आलेला, कोणाचं तरी बोलणं मनाला लागून आलेला माणूस कपाळ टेकतो आणि त्याच्यातलं काहीतरी माझ्यात उतरून जातं. आणि हे दिवसातून एकदा नाही, पाच वेळा. घरातला केर रोज काढावा लागतो तसंच आहे हे.

माणसांच्या गमतीही पाहते. नमाज झाली की माझा एक कोपरा दुमडून ठेवतात. का, तर मोकळी पडलेली जानमाज पाहून सैतान त्यावर नमाज पढून जातो म्हणे. मला कळत नाही, सैतान नमाज पढला तर बरंच झालं की! पण सांगतं कोण, आणि माझं ऐकतं कोण.

मग रुकनोद्दीनचा दमा वाढला. आयुष्यभर कापूस हुंगलेली छाती ती. आधी तो उभ्यानं नमाज पढायचा, मग बसून पढायला लागला, मग पडल्या पडल्या. पाणी सोसेना तेव्हा मातीच्या ढेकळावर हात फिरवून तेच हात तोंडावरून ओढायचा. पाणी नसेल किंवा चालत नसेल तर तेवढीही सवलत आहे. शेवटच्या दिवशी फक्त पापण्या झुकवत होता. त्याची बायको जैतूनबी मला त्याच्या पाठीखाली अंथरून बसली होती. दुपारची जोहरची नमाज त्यानं पापण्यांनी पुरी केली आणि असरच्या आधी गेला. एकही नमाज डोक्यावर बाकी ठेवली नाही त्यानं. अशा माणसाची मी जानमाज, म्हणून मान ताठ ठेवून सांगते.

त्यानंतर मी जैतूनबीची झाले. ती बुटकी. तिचं कपाळ रुकनोद्दीनच्या कपाळाच्या वीतभर आधीच टेकतं. माझ्यावर आता दोन गुळगुळीत जागा आहेत, एक त्याची आणि एक तिची.

नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं असतं. जैतूनबीनं ते दिवस भोकरदनच्या त्या दोन खोल्यांत काढले. तिला मूल एकच, मुलगी, रौशन. शहागडला दिलेली. जावई इलियास तिथे हायवेवर टायरचं पंक्चर काढतो. दिवस संपले त्याच सकाळी रौशन न्यायला आली. "अम्मा, चल. एकटी कशी राहशील? तुझे गुडघे कसे झालेत पाह्यलं का? मागच्या महिन्यात मोरीत पडली, तर शेजारणीला दुपारी कळलं."

"येते की," जैतूनबी म्हणाली. "आठ दिवस येते."

तिनं एक पेटी, एक बोचकं आणि मला घेतलं. भोकरदनहून जालना, जालन्याहून शहागड, शंभराच्या वर किलोमीटर. आणि तिथे गेल्यावर पहिल्याच जोहरला एक गोष्ट घडली, ती नीट सांगते, कारण माझी सगळी कथा त्यावर उभी आहे.

नमाज रकातींनी मोजतात. उभं राहायचं, झुकायचं, दोनदा कपाळ टेकायचं, ही झाली एक रकात. फर्ज म्हणजे चुकवता न येणाऱ्या रकाती जोहरला चार, असरला चार, रात्रीच्या इशाला चार. पहाटेच्या फजरला दोन आणि सूर्यास्ताच्या मगरिबला तीन. पण माणूस लांबच्या प्रवासात असेल तर चारच्या जागी दोनच पढायच्या. ही सवलत अल्लाहनं प्रवाशाला दिलेली. मुक्कामाला पोचल्यावरही, तिथे पंधरा दिवस राहायची नियत नसेल, आज निघू उद्या निघू असं मनात असेल, तर तो प्रवासीच. त्यानंही दोनच पढायच्या. आणि पंधरा दिवस राहायचं किंवा कायमचं राहायचं असं मनाशी ठरवलं, की चार.

जैतूनबीनं शहागडला पहिल्या दिवशी दोन पढल्या. दुसऱ्या दिवशी दोन. आठवड्यानं दोन. महिन्यानंही दोनच. दर जुम्म्याला ती म्हणायची, "येत्या जुम्म्याला निघते बेटा." बोचकं पेटीवर बांधलेलंच होतं. तिच्या मनात काय आहे हे तिला विचारायची गरजच नव्हती. ती दुसऱ्या रकातीनंतर उठते की बसून सलाम फेरते, एवढं पाहिलं की पुरे. रौशन दारामागे उभी राहून तेच पाहायची. रोज. दोन झाल्या, सलाम फिरला, की तिचा पदर दारावरून नाहीसा व्हायचा.

एक दिवस रौशन ओट्यावर बसून शेजारच्या नंदाबाईला सांगत होती, "काय सांगू काकू, अम्मा अजून कसरच करून राह्यली."

माझ्या अंगावर काटा आला. घोंगडीच्या जातीला जगात भीती कशाची असेल तर कसरीची. बारीक कीड, लोकरीत शिरते आणि आतून कुरतडून भोकं पाडते. मी आपले धागे चाचपायला लागले. नंदाबाईला माझ्याइतकंच कळलं. ती शेतकऱ्याघरची बाई, कष्टाळू आणि सल्ला द्यायला तत्पर. "कसर लागली?" ती म्हणाली. "मंग मला आधी सांगायचं की! निंबाचा पाला घाल, उन्हात टाक दोन दिस." आणि हां हां म्हणता पदरात निंबाचा पाला घेऊन हजर झाली. माझ्या घडीत कोंबायला लागली तेव्हा रौशन रडता रडता हसली.

"काकू, ती कसर न्हाई हो. प्रवासात नमाज कमी करतात, तिला कसर म्हणतात."

"आस्सं." नंदाबाई पाला हातात धरून उभी राहिली. "पण आक्का तर प्रवासात न्हाईत. आठ महिने झाले, इथंच तर बसल्यात."

"तेच तर," रौशन म्हणाली.

पाला मात्र नंदाबाईनं माझ्या घडीत ठेवलाच. आणला तो वाया कशाला जाऊ द्यायचा, असा तिचा हिशेब.

तुम्ही म्हणाल, दोन काय आणि चार काय, म्हातारी राहतेय ना पोरीकडे, झालं. पण रौशनचं तसं नव्हतं. तिला रोज तीन वेळा दिसत होतं की आपली आई आपल्या घरात पाहुणी आहे, आणि एक दिवस बोचकं उचलून त्या दोन खोल्यांत जाणार आहे, जिथे मोरीत पडलं तर दुपारी कळतं. आणि जैतूनबीचंही चुकत नव्हतं. लेकीच्या दारात कायमचं राहायचं, तेही जावयाच्या जिवावर, हे तिच्या पिढीच्या घशाखाली उतरत नाही. रुकनोद्दीनची बायको ती. कोणाच्या उपकारात राहणं त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं.

मग एका दुपारी इलियासच्या पायावर जॅक घसरला. पाय सुजून भोपळा झाला. मशिदीत जाता येईना, म्हणून असरची नमाज त्यानं घरातच पढवली. तो पुढे, मागे रौशन आणि जैतूनबी. दोन रकाती झाल्या आणि जैतूनबी तिसरीसाठी उठली. चौथीही पुरी केली. सलाम फिरला आणि रौशन थेट स्वयंपाकघरात पळाली. गुळाच्या शेवया केल्या, वाटी घेऊन नंदाबाईकडे गेली. "काकू, तोंड गोड करा. अम्मा राह्यली!" इशालाही इलियासच्या मागे चारच झाल्या. त्या घरात इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. जैतूनबीला शेवया कशाबद्दल ते कळलं नाही. तिनं दोन वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी इलियास लंगडत दुकानावर गेला. जोहरला जैतूनबी एकटी माझ्यावर उभी राहिली, आणि दोन रकातींनंतर तिनं सलाम फेरला.

रौशन दारातून पुढे आली. "अम्मा! काल चार पढली ना तू?"

"काल मी इलियासच्या मागं व्हते," जैतूनबी म्हणाली. "घरच्या माणसाच्या मागं उभं राह्यलं की प्रवाशानं बी चार पढायच्या असतात. एवढं बी म्हाईत न्हाई व्हय तुला?"

रौशन तिच्यासमोर बसली. मग म्हणाली, "अम्मा, तू जा म्हणत असशील तर मी पोचवून येते. पण एक सांगते. माझ्या घरात तुझी नमाज अर्धी राहते ना, ते मला माझंच कमी वाटतं. मीच कुठं तरी कमी पडले असं वाटतं."

"अर्धी न्हाई बेटा. दोन बी पुऱ्याच असतात. अल्लाहची मेहेरबानी हाय ती."

"अल्लाहची असंल," रौशन उठत म्हणाली. "माझ्यासाठी ती काय हाय ते सांग."

जैतूनबीनं ठरवून टाकलं, येत्या शुक्रवारी जायचंच. या वेळी खरंच. रौशननं पीठ दळून आणलं, डाळी बांधल्या, मिरच्या कुटल्या. मुकाट्यानं, भांड्यांचा आवाज करत.

निघायच्या आदल्या दिवशी नंदाबाई निरोप घ्यायला आली. जैतूनबी असरचा वजू करत होती, म्हणजे नमाजेआधी हातपाय धूत होती. अंगणात नळापाशी ट्रकच्या टायरचं एक बैठं आसन आहे, वर रबराची पट्टी ठोकलेलं. त्यावर बसूनच ती आठ महिने वजू करायची. पाय पुसता पुसता ती सहज म्हणाली, "हे टायर बरं पडून व्हतं इथं. गुडघ्याला लई आराम."

"पडून व्हतं?" नंदाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आक्का, तुम्ही यायच्या आधी आठ दिस तुमचा जावई हे बनवून राह्यल्ता. तीन टायर कापले. एक उंच झालं, एक बसकं झालं. मला दर बारीला बोलावून बसवायचा अन् इचारायचा, काकू, उठताना गुडघ्यावर जोर येतो का? तुमची उंची अन् माझी उंची एकच म्हणून. माझं बसून बसून कंबरडं ढिलं झालं!"

जैतूनबीनं रबराच्या पट्टीवर हात ठेवला. "मी यायच्या आधी?"

"मंग! तुम्ही म्हणता आठ दिसासाठी आले, पण आठ दिसाच्या पाहुण्याला कोणी तीन टायर कापतं का?"

नंदाबाई गेली. जैतूनबी टायरवरच बसून होती. वजू करून झाला होता तरी तिनं परत एकदा नळ सोडला आणि तोंड धुतलं. त्या असरला दोनच रकाती झाल्या, इशालाही दोन. पण सजद्यात ती जरा जास्त वेळ थांबली, एवढं मी नोंदवून ठेवलं.

सकाळी फजर झाली. फजरला सगळ्यांनाच दोन रकाती, घरच्याला आणि प्रवाशाला सारख्याच, त्यामुळे मला काही कळायला मार्ग नव्हता. नमाजेनंतर तिनं हात उचलून लांबलचक दुआ मागितली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग मला झटकलं, गुंडाळलं आणि बोचक्यात बांधलं. इलियास एसटीपर्यंत सोडायला आला. "अम्मा, कधी वाटलं तर फोन करा," एवढंच म्हणाला. तो माणूस बोलण्यातला नाहीच. जैतूनबीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. रौशन पोचवायला बरोबर होती. भोकरदनपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

घर उघडलं तेव्हा कोंडलेला वास आला. आढ्याच्या सांदीत अजून रुकनोद्दीनच्या कापसाचे पुंजके अडकलेले होते. पिंजण भिंतीला उभं होतं. रौशननं झाडलं, पाणी भरलं, पिठाचा डबा फळीवर ठेवला, आणि ठेवताना एकदा नाक ओढलं. तेवढ्यात जोहरची बांग झाली.

जैतूनबीनं मला जुन्याच जागी अंथरलं, पांढरा पट्टा मावळतीकडे करून. त्या जमिनीचा खड्डा न् खड्डा माझ्या ओळखीचा. मला वाटलं, चला, इतक्या दिवसांनी आता चार रकाती पाठीवर घ्यायच्या. मी अंग सैल सोडलं. रौशन दारात उभी होती. इथे मोजण्यासारखं काही नव्हतं, पण सवय जात नाही.

पहिली रकात झाली. दुसरी झाली. जैतूनबी बसली. बसली ती उठलीच नाही. तिनं उजवीकडे मान वळवून सलाम फेरला, मग डावीकडे.

"अम्मा, चुकली तू," रौशन दारातून म्हणाली. "दोनच झाल्या. हे तर आपलं घर. इथं चार."

जैतूनबीच्या बोटांत तसबीह होती. तिनं मणी पुरे ओढून घेतले, मगच बोलली. "चुकले न्हाई. चार आपल्या घरी असतात."

"मंग हे काय हाय?"

"हे तुझ्या अब्बाचं घर. मी चार दिवसाची पाहुणी आलेय इथं. सामान आवरायचं, सगळ्यांना भेटायचं, कबरीवर फातेहा पढायची, अन् घरी जायाचं." मग खाली माझ्याकडे बघत, हळू म्हणाली, "नियत शहागडातच केली मी. आज फजरनंतर. आता घर ते हाय म्हणून."

रौशनला क्षणभर काही उमगलंच नाही. मग ती धावत आली, चपला घालून माझ्यावर चढली, आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली. चपलेचं मी त्या दिवशी माफ केलं.

"मंग सकाळी सांगितलं कामून न्हाई?" ती हुंदक्यातच म्हणाली.

"तू इचारलंच कुठं? तू तर पीठ बांधून राह्यल्ती."

अठ्ठावीस वर्षांत माझ्यावर हजारो रकाती झाल्या. सहा फुटी रुकनोद्दीनच्या झाल्या, पापण्यांनी झुकवलेल्याही झाल्या. पण त्या दुपारच्या दोन रकातींइतकं जड आणि मौल्यवान माझ्यावर दुसरं काही झालेलं नाही. कोणी म्हणेल, जुनाट घोंगडी आपलीच टिमकी वाजवतेय. वाजवते! आपल्या माणसाच्या मनातली गोष्ट नमाजेत उतरते, आणि ती सगळ्यांत आधी पाठीवर घ्यायचा मान माझा असतो.

चौथ्या दिवशी आम्ही परत आलो. रुकनोद्दीनचं पिंजणही बरोबर आलं, ते आता इलियासच्या दुकानात टायरांच्या वर टांगलेलं आहे. इलियासच्या आत्यानं मक्केच्या उमऱ्याहून आणलेली मखमली जानमाज कपाटात आहे, सणासुदीला बाहेर येते, बिचारी फरशीवर घसरते. जैतूनबीच्या गुडघ्यांना मीच लागते. माझी कड विरली आहे, कोपऱ्यात दोन ठिगळं आहेत, तरी एवढंच मागते की मला ऊन दाखवा, काठीनं झटका, पण त्या गोल फिरणाऱ्या मशीनमध्ये घालू नका. मला अजून काम आहे.

ही बघा, असरची बांग झाली. अंगणात नळ सुटला, म्हणजे अम्मा टायरवरून उठून येईलच. खिडकीपुढून जरा बाजूला व्हा, तिला भिंत धरून यावं लागतं. आणि तिची वाट पाहत थांबणार असाल तर निवांत बसा. चार रकाती आहेत, वेळ लागेल.